कूलरवाल्याचं टिन

आमच्या घरी नवतपा चांगला तापावा म्हणून मारुतीला नारळ बोललेला असायचा. मे महिन्याच्या शेवटाचे ते नऊ दिवस. बाकीचं नागपूर डोक्याला दुपट्टा गुंडाळून सूर्याला शिव्या घालत असे, आणि आमचे बाबा भर दुपारी अंगणात उभे राहून, कपाळावर हात आडवा धरून, आभाळात कुठे ढगाची चिंधी दिसते का ते बघत. दिसली की त्यांचं तोंड एवढंसं होई. "तपू दे रे देवा," म्हणत, "नवतपा तपला तं वरीस निघते." शाळेत असताना मी निबंधात लिहिलं होतं, मला उन्हाळा आवडतो कारण उन्हाळ्यात आमच्या घरी पैसे येतात. बाईंनी ते लाल शाईने खोडून वर 'आंबे येतात' असं लिहिलं. आंबेही यायचे, पण पैशांच्या मागून.

बाबा कूलर बनवत. त्यांचे वडील विणकर होते आणि मागाचा खड्डा आमच्या घरात कितीतरी वर्षं तसाच होता. बाबांनी तो मुरूम टाकून बुजवला आणि त्याच्यावर पत्रा कापायची मोठी कातर बसवली. घरापुढे टिनाचं शेड, तेच दुकान, तोच कारखाना, आणि दुपारी जेवायची जागाही तीच. होळी झाली की हातोड्याचा आवाज सुरू होई तो मृगापर्यंत थांबत नसे. पत्र्यावरचा तो ठणठणाट मला अजून झोपेत ऐकू येतो. काळ्या रंगाचा वास, नव्या तारेचा वास, आणि या सगळ्यावर गवताच्या भुशाचा कोरडा, नाकात शिरणारा वास. गवत म्हणजे कूलरच्या ताट्यांत भरतात ते लाकडाचे पिवळे लांब छिलके. ते काम मायचं. जाळीच्या चौकटीत ते गवत सारख्या जाडीने दाबून भरायचं, कुठे पोकळ राहू द्यायचं नाही, वरून तारेने शिवायचं. पोकळ राहिलं की तिथून गरम हवा घुसते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बोंबलत येतं. मायच्या हातांना चैत्रापासून जे ओरखडे पडत ते पोळ्याला भरून येत. त्या हातांनी ती सकाळी ज्वारीची आंबील ढवळे, कांदा फोडून देई, जवसाची चटणी वाटे. चटणीतलं तिखट ओरखड्यांत गेलं की "आई वं" म्हणून हात झटके आणि स्वतःच हसे.

परवा इथे, प्रताप नगरच्या घरी, दोन मुली आल्या. वस्तीतल्या कुठल्याशा मंडळाच्या. घरोघर जाऊन विचारत होत्या, एसी किती, कूलर किती, वीज किती जळते, छत पांढरं केलंय का. शहर तापतंय, काकू, आपणच काहीतरी करायला हवं, असं म्हणत होत्या. गोड मुली, उन्हाने लालबुंद झालेल्या. मी त्यांना पन्हं दिलं. माझ्याकडे एसी नाही आणि कूलरही नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "नागपुरात? कूलरशिवाय? कसं काय जमतं?" मी म्हटलं, सवय आहे. साफ खोटं. दाराला खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी आहे, छत पांढरं आहे, आणि उरलेला ताप मी रागाने काढते. मग त्यातली धाकटी मोबाइल पुढे धरून म्हणाली, "पांढऱ्या छताने खरंच फरक पडतो का, तुमचा अनुभव सांगाल? रेकॉर्ड करते." मी पन्ह्याचे रिकामे पेले उचलले. आज नाही गं, म्हटलं, पुन्हा या. त्या गेल्या. तेव्हा सांगितलं नाही ते इथे सांगते आहे. त्यांना ऐकायचं होतं तसं हे नाही, पण माझ्याजवळ दुसरं नाही.

तर आमच्या घरातला कूलर. लोकांना वाटे, यांची बुवा मजा आहे, कूलरवाल्याचं घर, गारेगार. अक्षय तृतीयेला बाबा हंगामातला पहिला चांगला कूलर आमच्या रस्त्याकडच्या खिडकीत बसवत. माय त्याला हळदकुंकू लावी. तो कूलर घराचा नव्हे, दाखवायचा. गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला आतल्या खोलीत नेत आणि जाळीसमोर हात धरायला लावत. "हात धरून पाहा, सायेब. फरक पाहा. फरक नसन तं पैसे नका देऊ." गिऱ्हाइकाच्या तोंडावर वारा लागला की त्याचे डोळे आपोआप मिटत, आणि सौदा तिथेच होई. मग बाबा प्रत्येकाला तोच मंत्र देत: "आधी पाणी, मंग पंखा. ताट्या वल्या होऊ द्या, मंगच बटन दाबा. उलटं कराल तं गरम हवा फेकन, अन् मंग माह्या नावानं बोंबलू नका." हा मंत्र मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. आणि दर वर्षी, न चुकता, नवतप्यात कोणीतरी घाबराघुबरा येई, शेडमधला सगळा माल बुक झालेला असे, आणि बाबा खिडकीतला कूलर काढून त्याला देऊन टाकत. दारातलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं नाही पाहिजे, हा त्यांचा धर्म. खिडकीत चौकोनी भोक उरे आणि त्यातून लू, तो भाजणारा वारा, आत येई. माय त्या कूलरला पाहुणाच म्हणायची. "आला पाहुणा," अक्षय तृतीयेला म्हणे. "गेला पाहुणा," नवतप्यात म्हणे, आणि भोकाला गोणपाट लावी. आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मला आज विचारलं तर सांगता यायचं नाही.

माय कुहीकडची, धानाच्या गावातली. तिच्या माहेरचं घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. आम्ही सुट्टीत जायचो तर दुपारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर नुसतं पडलं तरी पाठ गार व्हायची. "माह्या बापाच्या घरी पंखा नव्हता," माय म्हणे, "पन मे महिन्यात चादर लागे." बाबा म्हणत, "मंग आणायची होती नं हुंड्यात चादर." ते चिडवणं होतं, त्यात वाईट काही नव्हतं. बाबा वाईट माणूस नव्हते, हे लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी तसं ठरवेल. मला त्यांना वाईट ठरवता आलं असतं तर माझं ओझं केव्हाच उतरलं असतं.

माझा मोठा भाऊ मनोहर, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तेव्हा कॉलेजात होता आणि उन्हाळाभर बाबांच्या हाताखाली मोटरी बसवायचा. त्याला लांजेवार सर भेटले. रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, सायकलवर फिरायचे, वस्तीतल्या पोरांना गोळा करून हवा कशी तापते आहे ते समजवायचे. तेव्हा असं बोलणारा माणूस म्हणजे अर्धवट. पण दादाच्या डोक्यात ते शिरलं. आमची आत्या खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायची, तिच्याकडे तो गेला आणि तिथल्या धुराच्या चिमण्यांकडे बघत बसला म्हणे सगळा दिवस. आला तो रात्रीच्या जेवणावर बाबांना विचारायला लागला, "बाबा, आपला कूलर कायनं फिरते?"

"मोटरनं."

"अन् मोटर?"

"लाईननं. काहून? तुले नाही माईत?"

"अन् लाईन कुठून येते? आत्याच्या घरामागून. तिथं कोळसा जाळून राहिले, त्यानं हवा तापून राहिली. हवा तापली का लोकं अजून कूलर घेतात, अन् तिकडे अजून कोळसा."

बाबांनी शांतपणे भाकरीचा घास मोडला. "मंग बरंच आहे की. धंदा बंद पडाचं टेन्शन नाही."

माय तोंडावर पदर घेऊन हसली. दादा ताटावरून उठून गेला. मीही हसले होते. विनोद चांगलाच होता, आज सगळं शहर तोच विनोद खरा करून राहिलं आहे, फक्त हसत कोणी नाही.

लांजेवार सरांचा उपाय मात्र साधा होता. टिनाला आणि स्लॅबला चुना मारायचा. विरलेल्या चुन्यात डिंक आणि मीठ, दोन हात, तीन हात, पांढरंफेक होईपर्यंत. ऊन वरच्यावर परत जातं, खाली खोली कमी तापते, मग एका कूलरमध्ये भागतं, एखाद्या घरी पंख्यावरही भागतं. दादा आणि त्याच्या दोस्तांनी चैत्रापासून गल्लीतली छपरं रंगवायला घेतली. सकाळी ऊन चढायच्या आत जात, अंगभर पांढरे होऊन येत. माय त्यांना आंबील प्यायला देई. एकेक छप्पर पांढरं होत गेलं. समोरच्या रखमाकाकूकडे दोन खोल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या खोलीसाठी आमच्याकडे कूलर सांगून ठेवला होता. छताला चुना लागल्यावर दहा-बारा दिवसांनी त्या आल्या आणि ओशाळल्यासारख्या दारात उभ्या राहिल्या. "दुसरा नको आता, भाऊ. मनोहरनं टिन पांढरं केलं तं एकातच निघून राहिलं. आतलं दार उघडं ठेवतो."

त्या गेल्यावर बाबांनी हातोडा पत्र्यावर फेकला. "माह्याच पोट्ट्यानं माह्या पोटावर पाय देल्ला! लोकाईचे पोट्टे बापाचा धंदा वाढवतात, हा चुना लावते!" शेजारीपाजारी खिडकीत आले. दादा म्हणाला, मी गल्लीच्या भल्याचं करून राहिलो. बाबा म्हणाले, तू खातं ते गल्ली देते का? असं रोज. जेवताना, मोटर बसवताना, अंघोळीला नंबर लागला तेव्हाही. दोघांचा आवाज सारखाच, दोघांच्या कपाळावरची शीर सारखीच फुगायची.

आणि या दोघांच्या मधोमध, काळ्या टिनाखाली, माय ताट्या भरत बसलेली. शेडचं टिन जुनं, गंजून काळं पडलेलं. दुपारी त्याच्याकडे नुसतं वर पाहिलं तरी डोळ्यांना झळ लागे. एक दिवस तिने दादाला म्हटलं, मी तिथेच होते, गवत सोडवत होते, "गल्लीभर पांढरं केलं रे बाबू, माह्या डोक्यावरचं टिन तेवढं करून दे." दादाने चुना भिजवलासुद्धा, शेडच्या कोपऱ्यात पिंप भरून ठेवलं. ते बाबांनी पाहिलं. "खबरदार. कूलरवाल्याच्या टिनाले चुना? गिऱ्हाईक रस्त्यावरून पाहीन तं काय म्हणन? याले सोताच्याच मालाचा भरोसा नाही म्हणन." माय म्हणाली, "अवो, गिऱ्हाईक छपरावर चढून पाहते का?" बाबा म्हणाले, "समोरच्या माडीवरून दिसते." विषय संपला. निदान बाबांपुरता.

मला त्यांच्यापेक्षा दादाचा राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. बाबा दुपारी सामान आणायला जात तेव्हा तासाभरात ते टिन पांढरं झालं असतं. बापाला न विचारता त्याने काय कमी गोष्टी केल्या? पण इथे त्याला तत्त्व आठवलं. मी म्हटलं, दादा, चढ नं, मी बादली देते. तर म्हणतो कसा, "चोरून नाही करनार. बाबाईनं सोता कबूल केलं पायजे. त्याईच्या मनाले पटलं पायजे, तं त्या चुन्याले अर्थ आहे." मन! मायचं डोकं तापत होतं आणि याला बाबांचं मन वळवायचं होतं. जगाच्या छपरांवर चढला, आपल्या नाही. आज तो एसी विकतो. मोठं दुकान आहे, काचेचं, दारात गेलं की आपोआप उघडणारं. वर सौर पाट्या लावल्या आहेत आणि कोणी विचारलं की सांगतो, मी तर पहिल्यापासून पर्यावरणवाला. असेल बाबा. त्याच्या एसींचे बाहेरचे डबे आमच्या जुन्या गल्लीत दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतात, मी मागे गेले होते तेव्हा तिथून चालवलं नाही.

त्या वर्षी नवतपा खरोखर तपला. बाबांच्या नारळाला देव पावला. शेडमध्ये मोटर बसवलेले, रंग दिलेले कूलर रांगेत उभे होते, पण ताट्या नव्हत्या. भरतील तशा जात होत्या आणि भरणारी एकटी माय. मी मदत करायचे पण माझी भरलेली ताटी ती पुन्हा उसवायची, पोकळ राहते म्हणून. त्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. आंबील प्यायली नाही, अर्धी वाटी ठेवून दिली. जेवणाच्या वेळी एक माणूस स्कूटरवर आला, मागे रिकामी सायकलरिक्षा घेऊन. शर्ट अंगाला चिकटलेला. त्याचा जुना कूलर जळला होता. शेडमध्ये एकही पुरा कूलर नव्हता. बाबांनी खिडकीकडे पाहिलं.

माय आजवर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "आजचा दिवस राहू द्या नं. मले बरं नाही वाटून राहिलं."

बाबा अडखळले, मी पाहिलं. खरोखर अडखळले. पण त्या माणसाने हात जोडले. "वहिनी, घरी वली बाळंतीण आहे. लेकरू कालपासून तळमळून राहिलं."

मायने चौकट सोडली. मग म्हणाली, "लेकराचं घर आहे. न्या गा भाऊ." आणि पदराने तोंड पुसत शेडकडे वळली. जाता जाता सवयीने म्हणाली, "गेला पाहुणा." या वेळी कोणी हसलं नाही. बाबा खिडकीचे नट सोडवत म्हणाले, "संध्याकाळी दुसरा बसवतो. ह्या ताट्या झाल्या का पहिला घरीच बसवतो." त्या माणसाला त्यांनी मंत्रही दिला. आधी पाणी, मंग पंखा.

त्यानंतर ती शेडमध्ये जाऊन बसली. आत झोप म्हटलं तर म्हणाली, आत त्या भोकातून भट्टी पेटली आहे, इथे काय अन् तिथे काय. बाबा आणि दादा पंप जोडत होते आणि जोडता जोडता भांडत होते. मी भांडी घासायला मागे गेले. परत आले तर माय ताटी मांडीवर घेऊन बसलेली, पण हात चालत नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाली, "शशे, बांदीत पाणी सोडलं का वं? धान वाळून राहिलं." बांदी म्हणजे धानाचं शेत, तिच्या बापाचं. मला आधी वाटलं, गंमत करते आहे. मग तिच्या गालाला हात लावला. कोरडा होता, घामाचा थेंब नाही, आणि तव्यासारखा तापलेला. मी ओरडले.

ऊन लागलं, ऊन लागलं, असा एकच गलका झाला. तिला तिथेच चटईवर निजवलं. रखमाकाकूंनी कांदा ठेचून तळपायांना चोळला. कोणी कैरी भाजायला घेतली. मी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, उचलला, तर मागून कोणीतरी बाई म्हणाली, "अंगावर थंडं पाणी नको टाकू वं पोरी, ऊन लागलेल्याले झटका येते." सगळ्यांनी माना हलवल्या. गुंड माझ्या हातातून काढून घेतला. तोपर्यंत बाबांनी काही न सुचून त्यांना जे येत होतं ते केलं. रांगेतले तीन कूलर, दणकट, नव्या मोटरीचे, ओढत आणून मायच्या तीन बाजूंना लावले आणि तिन्ही बटनं दाबली.

ताट्या नव्हत्या त्यांना. पाणी नव्हतं. तिन्ही पंखे बाहेरची लू ओढून मायच्या अंगावर फेकायला लागले. तिचा पदर उडाला, केस उडाले, भोवतीचं पिवळं गवत उडालं. माझ्या तोंडावर तो वारा लागला तेव्हा चुलीत डोकं घातल्यासारखं झालं. आणि बाबा एका कूलरला धरून उभे, "येऊन राहिला वारा, येऊन राहिला, आता बरं वाटन," असं म्हणत. गल्लीभराच्या समजूतदार माणसांतून एकालाही काही वाटलं नाही. दादा, हवेचं शास्त्र शिकलेला, तोसुद्धा पंख्याची दिशा नीट करत होता. पाण्याने भिजलेल्या गवतातून वारा गेला की गार होतो, एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर चाललं होतं. त्या माणसाने ती गोष्ट उभ्या शहराला शिकवली, आणि बायकोच्या अंगावर पाणी टाकायचं त्याला सुचलं नाही. देवा रे. मी हे लिहिते आहे आणि मला अजून उठून तो गुंड हिसकावून घ्यावासा वाटतो.

दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेता घेता नर्सला पाणी टाकायला सांगितलं, बर्फ आणायला सांगितलं, आणि बाबांना विचारलं, "घरी अंगावर पाणी टाकलं होतं?"

"नाही, सायेब. टाकू नये म्हणतात. पंखे लावले होते. तीन."

डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी पाणी, मग पंखा."

बाबा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टरांना काय माहीत, ते काय बोलून गेले. दिवेलागणीला माय गेली.

मामा कुहीहून सकाळपर्यंत यायचे होते, तोवर तिला ठेवणं भाग होतं. पुढच्या खोलीत खिडकीच्या भोकाखाली ठेवली. बायका वाऱ्याला पदर हलवत बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेर सायकलरिक्षा थांबली. दुपारचा माणूस. तो कूलरचा स्टँड न्यायला विसरला होता, तो न्यायला मघाशी येऊन गेला, गर्दी पाहिली, कोणाला तरी विचारलं, आणि घरी परत जाऊन कूलरच घेऊन आला. बाबा उठले नाहीत. त्यानेच दादाच्या मदतीने कूलर खिडकीत चढवला, स्वतः बादलीने टाकी भरली, पंप लावला. ताट्या पूर्ण ओल्या होईपर्यंत थांबला. मग बटन दाबलं. सांगितलं होतं त्याला तसंच, बरोबर. मायने स्वतः भरलेल्या त्या ताट्यांतून गार वारा आला आणि तिच्या तोंडावरचे केस हलायला लागले. अक्षय तृतीयेपासून तो कूलर त्या खोलीत होता, पण दिवसा ती शेडमध्ये आणि रात्री चुलीपाशी. त्याच्यासमोर ती सलग पडून राहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सकाळी मामा आले, सगळं उरकलं. मोक्षधामचा रस्ता, तिथला घाट, ते मी लिहीत नाही, मी बाई, मला नेलंच नव्हतं. परत आल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते दादाशी. खिडकीकडे बोट करून म्हणाले, "त्याचा कूलर त्याले पोचवून दे. लेकराचं घर आहे. अन् पैसे घेतले आहेत आपन." दादा रिक्षा घेऊन आला. खिडकीत पुन्हा भोक. त्याला गोणपाट लावायला मी उठले, कारण आता ते माझं काम होतं.

नवतपा संपला नव्हता. बुक झालेले कूलर द्यायचेच होते, लोक दारात येऊन, तोंडावर दुःखाचा भाव आणून, हळूच विचारत, "मंग आमचं कधीपर्यंत?" तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर बाबा मायच्या चटईवर बसून ताट्या भरत होते. त्यांना ते काम येत नव्हतं. मोठमोठ्या पोकळ जागा राहत होत्या आणि बोटांतून रक्त निघत होतं. दादा कोपऱ्यात गेला, चुन्याचं पिंप उघडलं, वरचा पापुद्रा काठीने मोडला, डिंक टाकला, आणि शिडी लावून टिनावर चढला. विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याची तत्त्वं त्या सकाळी कुठे गेली होती कोण जाणे. वर कुंचा फिरल्याचा आवाज येत होता आणि फटींतून चुन्याचे थेंब खाली गवतावर पडत होते. बाबांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मला खरं तर हवं होतं की त्यांनी ओरडावं, शिडी पाडावी, काहीतरी करावं.

दुपारपर्यंत तीन हात झाले. ऊन डोक्यावर आलं, रोजच्यासारखंच. मी बाबांना आंबील घेऊन गेले. त्यांनी ताटी खाली ठेवली. गिऱ्हाइकाला कूलरच्या जाळीसमोर धरायला लावत तसा आपला पंजा त्यांनी उघडा करून वर टिनाकडे धरला. बराच वेळ धरून ठेवला. डोळे मिटले.

"फरक आहे," म्हणाले.